नसीमबानूचा मेहर

रविवारी सकाळी फिरनी पातेल्याला लागली तेव्हाच रुमानानं नवऱ्याला बजावलं होतं, बाहेर पडाल तेव्हा आइसक्रीम घेऊन या. फैझल विसरला. आता पाहुण्यांचे हात धुऊन झाले होते, विश्रांतवाडीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सगळे पुन्हा सोफ्यावर टेकले होते आणि गोडाच्या नावानं घरात केळ्यांखेरीज काही नव्हतं. रुमाना स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे बघत होती. तो तिची नजर चुकवत होता.

पाहुणे दोघंच. मिसबाचा होणारा नवरा नबील आणि त्याचे वडील दस्तगीर अत्तार. नबीलची आई तो शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे बोलणी करायला वाघोलीहून हे बापलेकच येत. दस्तगीरभाई स्वारगेट डेपोत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तरी विषय काढण्यापूर्वी समोरचे कागद सारखे करावेत तसा टेबलावरून हात फिरवायची सवय गेली नव्हती. तो हात त्यांनी आता टीपॉयवरून फिरवला.

"तर हमीदभाई, तारीख ठरली, लॉन ठरलं. मेहरचं तेवढं बोलून घेऊ."

"बोला," रुमानाचे सासरे म्हणाले. सत्त्याहत्तरीतही हमीद शिकलगार ताठ बसत. "निकाहात नवऱ्यानं बायकोला काय द्यायचं ते नवऱ्याकडच्यांनीच सांगावं. आम्ही काय सांगणार?"

"सव्वा लाख लिहू. पंचवीस हजार निकाहाच्या दिवशी रोख, बाकीचे लाख मागाहून. आमच्या घराण्यात एवढा मेहर आजवर कुणी बांधला नाही."

"फार झाला, दस्तगीरभाई," फैझल लगेच म्हणाला. "आमची काही हरकत नाही."

रुमानाला हे अपेक्षितच होतं. पन्नाशी आली तरी फैझलला पाहुण्यांसमोर कुठलीही गोष्ट पटकन मिटलेली बरी वाटे. तिनं लेकीकडे पाहिलं. मिसबा आजीशेजारी भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती आणि तिचा चेहरा परीक्षेला निघताना व्हायचा तसा झाला होता.

"चाचा, माझं एक म्हणणं आहे," मिसबा म्हणाली.

"मिसबा, मोठी माणसं बोलताहेत," फैझल म्हणाला.

"माझ्याच मेहरबद्दल बोलताहेत ना, पप्पा." ती दस्तगीरभाईंकडे वळली. "मला आकडा वाढवून नकोय. सव्वा लाखात आज साधारण तोळाभर सोनं येतं. तर तोळाभर सोनं लिहा. मागाहून द्यायचं तर मागाहून द्या. पण कागदावर रुपये नको, सोनं लिहा."

दस्तगीरभाई म्हणाले, "मग फरक काय पडला? सव्वा लाख काय अन् तोळा काय."

"आज दिलंत तर काहीच नाही. वीस वर्षांनी दिलंत तर पडेल."

"म्हणजे आमच्या शब्दावर विश्वास नाही."

"तुमच्या शब्दावर आहे. रुपयावर नाही." मिसबा खराडीच्या एका कंपनीत पगाराचं काम बघायची, या विषयात तिची जीभ अडखळत नसे. "तुम्ही नोकरीत होतात तेव्हा महागाई भत्ता मिळायचा ना? तो कशासाठी मिळायचा? आकडा तोच ठेवला तर पगार घरी पोचेस्तोवर कमी होतो, म्हणूनच ना?"

"तुम्ही आमच्या युनियनमध्ये हव्या होतात," दस्तगीरभाई म्हणाले. पण ते हसले, आणि नबीलही हसला, आणि रुमानाला वाटलं, निभलं.

पण हमीद हसले नाहीत. सुनेच्या माहेरी, नातीच्या सासरी, कुठंही घरातल्या बाईमाणसानं व्यवहाराचं बोललेलं त्यांना खपत नसे. "रुपया तो रुपया," ते म्हणाले. "त्यावर सरकारची सही असते. आमच्या वेळी शब्द दिला की दिला. असा बाजार नव्हता मांडला कुणी."

"तुमच्या वेळी काय होतं, दादाजी? दादीचा मेहर किती होता?"

"मिसबा," नसीमबानू शेजारून हलकेच म्हणाल्या, "ऊठ. केळी आण आतून."

मिसबा उठली नाही. "पाचशे पंचवीस रुपये. बाहत्तर साली. तेव्हा त्यात अडीच तोळे सोनं यायचं. आणि ते दादीला अजून मिळालेले नाहीत. म्हणून मी सोनं म्हणतेय, चाचा. एवढंच."

या घरात हे सगळ्यांना माहीत होतं. छताला ओल आहे हे माहीत असतं तसं. पण पाहुण्यांना दाखवलं कुणी नव्हतं. रुमानानं दाराची चौकट धरली. दस्तगीरभाई टीपॉयकडे बघत होते, नबील स्वतःच्या बोटांकडे. नसीमबानूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, एवढा पुढे, की त्यांचा चेहराच दिसेना.

हमीद उठले. आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. रुमानाला वाटलं, ते आता बाहेर येणार नाहीत. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण ते आले. त्यांच्या हातात पाचशेची एक नोट होती, आणि एक विसाची, आणि पाचाचं नाणं.

"हे घे," ते बायकोला म्हणाले. "सगळ्यांसमोर देतोय. पाचशे पंचवीस. जेवढे लिहिले होते तेवढे. आता तरी कुणी म्हणायला नको की हमीद शिकलगारनं बायकोचा मेहर बुडवला."

नसीमबानूंनी हात पुढे केला. पैसे घेतले. नोट मांडीवर ठेवून तिची घडी तळव्यानं सरळ केली. मग पदर थोडा मागे सारून त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"फैझल, रुमानानं तुला सकाळपासून आइसक्रीम सांगितलंय. एवढ्यात येईल ना सगळ्यांना?"

"अम्मी—"

"जा. पाहुणे खोळंबलेत."

* * *

कोपऱ्यावरच्या दुकानात गर्दी नव्हती. फैझल काचेच्या पेटीसमोर उभा राहिला. हातातली पाचशेची नोट घामानं मऊ पडली होती.

त्याच्या खिशात स्वतःचं पाकीट होतं. आइसक्रीमचे पैसे आपले द्यावेत आणि ही नोट अम्मीला परत न्यावी, असं त्याच्या मनात आलं. पण परत नेऊन काय म्हणायचं? हा घ्या तुमचा मेहर? त्याला तेही जमणार नव्हतं.

"कुठला फ्लेवर?" दुकानदारानं विचारलं.

"कुठलाही."

"बटरस्कॉच देऊ? फॅमिली पॅक?"

"दोन द्या."

दुकानदार फ्रीजमध्ये वाकला तसं फैझलला काहीतरी आठवलं आणि त्याला ते आठवायला नको होतं. त्याच्या स्वतःच्या निकाहाची रात्र. मित्रांनी शिकवून पाठवलं होतं, पहिलं काम काय करायचं तर मेहर माफ करून घ्यायचा, म्हणजे डोक्याला ताप नाही. त्यानं रुमानाला विचारलं होतं, माफ केलास ना? ती एकवीस वर्षांची होती. तिनं मान हलवली होती. त्या हलण्यावर तो सत्तावीस वर्षं निवांत होता. अब्बांनी निदान देणं बाकी तरी ठेवलं होतं. आपण तर देणं असल्याची खूणच पुसली.

त्यानं नोट दिली. दुकानदारानं ती उजेडाकडे धरून बघितली, गल्ल्यात टाकली आणि सुटे परत केले.

* * *

बशा मिसबानंच फिरवल्या. कुणी नको म्हणेना. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

चमच्यांचे आवाज तेवढे होत होते. मिसबानं एक घास घेतला आणि बशी मांडीवर ठेवली. तिला वाटलं होतं, ती बरोबर आहे. अजूनही वाटत होतं. पण बरोबर असण्यासाठी तिनं दादीला उचलून टीपॉयवर ठेवलं होतं, एखादा पुरावा ठेवावा तसं. दादी आता चमचा धरून सावकाश खात होती. दादाजींच्या बशीतलं आइसक्रीम पातळ होत चाललं होतं. त्यांनी बशी हातात धरली होती, पण चमचा उचलला नव्हता.

"दादी," नबील अचानक म्हणाला. मिसबानं मान वर केली. तो नसीमबानूंशी बोलत होता. "तुम्ही सांगाल ते लिहू. रुपये की सोनं."

"मला काय विचारतोस बाळा? मला यातलं काय कळतं?" मग नसीमबानू थांबल्या. बशी खाली ठेवली. "नाही. कळतं. सोनं लिहा. आणि मागाहून लिहू नका. जे देणार ते त्याच दिवशी द्या. कमी द्या, पण त्याच दिवशी. मागाहून म्हटलं की रोज वाट बघावी लागते. मग वाट बघितल्याचीच लाज वाटायला लागते."

दस्तगीरभाईंनी घसा साफ केला. "एक तोळा. निकाहाच्या दिवशी," ते म्हणाले. "लिहून टाकू." आणि टीपॉयवरून हात न फिरवताच ते उठले.

मिसबाला हवं होतं ते मिळालं. दारापर्यंत पाहुण्यांना सोडायला ती गेली. जिन्यात नबील हळूच म्हणाला, "माझ्यावर चिडू नकोस, पण तू आज दादींना आधी विचारायला हवं होतंस."

"माहीत आहे," ती म्हणाली.

आत येऊन ती दादीच्या खोलीत गेली. नसीमबानू कॉटवर बसून गुडघ्याला मलम लावत होत्या. मिसबा खाली फरशीवर बसली, मलमाची ट्यूब त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः चोळायला लागली.

"चुकलं माझं, दादी."

"बोललीस ते काही खोटं नव्हतं."

"तरी चुकलं."

"हो," नसीमबानू म्हणाल्या. "ती माझी लाज होती. मी ती एवढी वर्षं झाकून ठेवली होती. नवऱ्यानं मेहर दिला नाही, हे बाई कुणाला सांगते का? सांगितलं तर नवऱ्याची इज्जत जाते. आणि नाही सांगितलं तर आपली आपल्यापुरती जातच असते. पण ते कधी उघडायचं, ते माझं मला ठरवायचं होतं. तू माझ्या हातातून ते काढून घेतलंस." त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "जोरात चोळ. नखं लावू नकोस."

* * *

हमीद गॅलरीत बसले होते. खाली रस्त्यावर आळंदीकडे जाणाऱ्या गाड्या खोळंबल्या होत्या. असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला उठायला हवं होतं. पण जा-नमाज अंथरून, हात बांधून उभं राहायचं म्हटलं तर कसं, हे त्यांना समजत नव्हतं.

त्यांना रुपयाचं कळत नव्हतं असं नाही. हेच तर होतं. कुणी अडाणी असता तर सुटला असता.

गंज पेठेत त्यांचा कारखाना होता. कागद कापायच्या मशीनची पाती धारेला यायची, पुण्यातल्या निम्म्या छापखान्यांची. जागा पागडीची. भाडं महिना पंचेचाळीस रुपये. ते त्यांच्या तरुणपणी ठरलं आणि ते तसंच राहिलं. घरमालकीण मुक्ताई विधवा होती. ती दर एक-दोन वर्षांनी दारात यायची आणि म्हणायची, हमीदभाई, पंचेचाळीस रुपयांत आता चार दिवसांचं दूध येत नाही हो. पुढे म्हणायची, एक दिवसाचं येत नाही. हमीद तिला चहा पाजायचे आणि म्हणायचे, कायद्यानं ठरलंय ते मी एक दिवस चुकवत नाही, वैनी. आणि खरंच चुकवत नसत. धार लावायचा दर मात्र ते दरवर्षी वाढवत. पोलाद महागलं, वीज महागली, पूर्वीच्या भावात कसं परवडेल, असं गिऱ्हाइकाला सांगत. मागल्या वर्षी बिल्डर आला तेव्हा त्यांनी जागा सोडायचे बावीस लाख घेतले. आजच्या भावानं. एक पैसा कमी नाही. मुक्ताई तोवर गेली होती.

म्हणजे घ्यायचं तेव्हा आजचा भाव आणि द्यायचं तेव्हा जुना आकडा. हे त्यांनी कधी असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. आज कपाट उघडून पाकिटातून विसाची नोट शोधताना मात्र त्यांना ते दिसलं होतं. आणि दिसूनही ते पैसे घेऊन बाहेर गेले होते. रागानं गेले होते. नात चारचौघांत बोलली म्हणून त्यांनी बायकोला चारचौघांत मारल्यासारखं केलं होतं.

ते उठले. नसीमबानू आता वाळलेले कपडे घडी करत होत्या. मिसबा कुठं दिसत नव्हती.

"लोकांसमोर व्हायला नको होतं," हमीद म्हणाले.

"काय व्हायला नको होतं? तिनं बोलणं, की तुम्ही देणं?"

ते कॉटच्या कडेला बसले. "तुला हवा होता, तर कधी बोलली नाहीस."

"बोलले होते की."

"कधी?"

नसीमबानूंनी उशीचा अभ्रा झटकला. "फैझल शाळेत जायला लागला होता. मला शिलाई मशीन घ्यायचं होतं. रास्ता पेठेत एकानं जुनं विकायला काढलं होतं, सहाशेला. मी म्हटलं, पाचशे पंचवीस यांच्याकडून घेईन, वरचे माझ्याजवळ साठलेत. डबा घेऊन कारखान्यात आले तुमच्या. घरात तुमच्या अम्मींसमोर बोलायची सोय नव्हती म्हणून. तुमचे दोन कारागीर बसले होते जेवायला. मी हळू आवाजात म्हटलं, माझा मेहर देता का. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, बघा रे, मालकीणबाई पगार मागायला आल्यात. तेही हसले. तुम्हीही हसलात."

हमीदना आधी काही आठवलं नाही. मग तो स्टीलचा डबा आठवला, आणि ती रिकामा डबा न घेताच निघून गेली होती, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आपण विचारलं होतं, डबा का विसरलीस.

"थट्टा केली होती मी," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना ते किती पोकळ आहे ते ऐकू आलं.

"हो. मी काय दुसरं समजले? पण परत विचारायची हिंमत झाली नाही. ज्या पैशांत निकाहाच्या वेळी अडीच तोळे आले असते, त्यात तेव्हा मशीनसुद्धा पुरतं येत नव्हतं. पुढे पुढे मी मनात मोजायची. आता त्यात साडी येईल. आता चपला. आज आइसक्रीम आलं. चांगलं होतं."

"नसीम."

"मला आता सोनं हवंय," नसीमबानू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्या कपड्यांकडे न बघता त्यांच्याकडे बघत होत्या. "अडीच तोळे. जेवढं तेव्हा आलं असतं तेवढं."

"या वयात घालणार आहेस?"

"ते तुम्ही विचारायचं नाही."

* * *

सगळे स्वयंपाकघरात जमले ते चहाच्या निमित्तानं. नसीमबानूंना अडीच तोळे सोनं द्यायचं, हे हमीदनीच सांगितलं. बिल्डरच्या पैशांतली शेवटची ठेव होती. बाकीच्यातून हा फ्लॅट कर्जातून सोडवला होता. ती ठेव मिसबाच्या लग्नातल्या वाघोलीच्या लॉनसाठी आणि जेवणासाठी ठेवली होती. ती मोडायची तर लॉन राहणार नाही.

"अब्बा, मी देतो ना अम्मीला," फैझल म्हणाला. "थोडे दिवस द्या मला. सोनं काय पळून चाललंय?"

"तू माझा नवरा नाहीस," नसीमबानू म्हणाल्या. "मेहर नवऱ्याकडून घेतात. लेकाकडून घेतलं तर ती भीक झाली."

"पण अम्मी, लॉनची आगाऊ रक्कम गेलीये. आठशे माणसांना तोंडी सांगून झालंय. आता कमी करायचं म्हणजे लोक काय म्हणतील?"

रुमाना गॅसजवळ उभी होती. तिनं कप ओट्यावर ठेवला, जरा जोरातच. "लोक म्हणतील, माणसं कमी बोलावली. म्हणू दे. मशिदीच्या हॉलमध्ये निकाह करू. दोनशे माणसं येतात त्यात. बिर्याणी मी आणि माझ्या बहिणी करू."

"तू मध्ये—"

"मी मध्येच आहे, अहो. अम्मी एका बाजूला अन् मिसबा दुसऱ्या बाजूला. मध्ये मीच आहे." ती नवऱ्याकडे वळली. सासू-सासऱ्यांसमोर ती कधी असं बोलली नव्हती. "मला एक सांगा. त्या रात्री मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

कुठली रात्र ते फैझलला विचारावं लागलं नाही. तो खाली बघत राहिला. हमीदनी सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि त्यांना हेही समजलं. मुलगा हे कुणाकडून शिकला असेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांनी तो स्वतःला विचारला.

"मला लॉन नकोच होतं," मिसबा दारातून म्हणाली.

"तुझ्यासाठी कुणी काही सोडत नाहीये," रुमाना तिला म्हणाली. "अम्मींचं अम्मींना मिळतंय. तू त्यात पुण्य घेऊ नकोस."

मिसबाचे डोळे भरले. पण ती काही बोलली नाही, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तिला आपण बोललो नाही ते बरं केलं असं वाटलं.

* * *

ठेव मोडायला बँकेत दोन खेपा पडल्या. बुधवारी दुपारी हमीद आणि नसीमबानू रविवार पेठेतल्या सराफाकडे गेले. फैझल गाडीनं सोडतो म्हणाला होता. नसीमबानूंनी नको म्हटलं, म्हणून रिक्षा केली.

दुकान अरुंद होतं. पायऱ्या उंच. नसीमबानू एकेका पायरीवर थांबत चढल्या. सराफ त्यांच्या मुलाच्या वयाचा असेल. त्यानं गादीवर बसता येत नाही हे बघून खुर्च्या मागवल्या.

"बांगड्या दाखवू? की पाटल्या?"

"बांगड्या," हमीद म्हणाले. सराफानं मापाच्या कड्यांचा जुडगा काढला आणि विचारलं, "माप काय, काकींचं?"

हमीदनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. त्यांना माहीत नव्हतं. सराफानं अंदाजानं एक कडं घातलं, ते बोटांच्या सांध्यांशी अडलं. त्याहून मोठं घातलं, तेही अडलं. संधिवातानं नसीमबानूंच्या बोटांची पेरं सुजून गाठाळली होती. तिसऱ्या वेळी त्यांनी ओठ दाबले तसं सराफानं कडं बाजूला ठेवलं.

"बांगड्या राहू द्या," नसीमबानू म्हणाल्या. "साधं सोनं द्या. मोडायला गेलं तर कमी होणार नाही असं."

"मग चोख सोन्याचं वेढणं घ्या. घडणावळ नाही. अडीच तोळे ना?" त्यानं पिवळंजर्द वळं काट्यावर ठेवलं. आकडे हलले आणि स्थिर झाले. भाव ऐकल्यावर हमीदनी चेकबुक काढलं. सही करताना त्यांचा हात दोनदा थांबला. रक्कम मोठी होती म्हणून नव्हे. तीन लाखांच्या घरातला तो आकडा अक्षरात लिहिताना त्यांना कळत होतं की ते पाचशे पंचवीसच लिहीत आहेत.

सराफ वेढणं कागदात गुंडाळत होता. चांगलं गिऱ्हाईक, एकरकमी व्यवहार, म्हणून तो खुलला होता. "काय काका, लग्नाचा वाढदिवस वाटतं? या वयात एवढी हौस कोण करतं? काकी नशीबवान आहेत."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. नसीमबानू दुकानाच्या बाहेर, रस्त्याकडे बघत होत्या. त्या काही बोलणार नव्हत्या. त्रेपन्न वर्षं त्यांनी बाहेरच्या माणसासमोर नवऱ्याला उघडं पाडलं नव्हतं, आणि आजही पाडणार नव्हत्या. रविवारी दुपारीही त्यांनी आइसक्रीमच मागवलं होतं.

"हौस नाही," हमीद म्हणाले. "हा हिचा मेहर आहे. निकाहात कबूल केला होता. तेव्हा दिला नाही. हिनं मागितला तेव्हा चारचौघांत हसलो. परवा पाहुण्यांसमोर पाचशे पंचवीस रुपये हातावर ठेवले. हिच्या नशिबाचं काही बोलू नका."

सराफाचे हात थांबले. दुकानात आणखी एक नवरा-बायको मंगळसूत्र बघत होते. त्यांनीही ऐकलं होतं, आणि ऐकलं नाही असं दाखवत ते काचेवर अधिकच वाकले. हमीदच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. पण ते मान खाली न घालता बसून राहिले. बायकोनं इतकी वर्षं जे सोसलं त्यातला हा एक दुपारचा तुकडा होता.

"बिल कुणाच्या नावानं करू?" सराफानं अखेर विचारलं.

हमीदनी बायकोकडे पाहिलं. नसीमबानूंनी थोडा वेळ वाट बघितली, मग त्यांच्या लक्षात आलं, नाव आपणच सांगायचंय.

"नसीमबानू," त्या म्हणाल्या. "नसीमबानू हमीद शिकलगार." आणि बिल हातात आल्यावर नाव बरोबर लिहिलंय का ते चष्मा लावून बघितलं.

पायऱ्या उतरताना त्रास होत होता. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातानं भिंत. हमीद एक पायरी खाली जाऊन वळले आणि हात पुढे केला.

"पिशवी दे. मी धरतो."

"राहू द्या," नसीमबानू म्हणाल्या. "माझी आहे. मी धरते."

मग भिंतीवरचा हात काढून तो त्यांनी हमीदच्या खांद्यावर टेकवला, पिशवी पोटाशी धरली, आणि दोघं एकेक पायरी खाली उतरली.